मुलांना घरी देवाची वाणी ऐकायला शिकवताना: सोलापूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात, कॉटेज मीटिंगनंतर (कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेनंतर) चहा घेताना, नाहीतर रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर आईवडील जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं शब्बाथशाळेत, म्हणजे संडे स्कूलमध्ये, शिकवणाऱ्या एका बाईची आहेत, पाळकांची नाहीत. सिद्धांताचा काटेकोर प्रश्न असेल तर तो पाळकसाहेबांनाच विचारा. सहा वर्षांचं पोरगं सोफ्यावर उड्या मारत असताना कौटुंबिक प्रार्थना कशी करायची, एवढ्यापुरतं हे पान.

देवाची वाणी म्हणजे खरंच आवाज ऐकू येतो का?

बहुतेकांना, बहुतेक वेळा, येत नाही. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. पवित्र शास्त्रात जळत्या झुडपातून हाक ऐकणारा मोशे आहे, स्वप्नात सूचना मिळालेला योसेफ आहे. पण देवाचं लिहिलेलं वचन वाचून, त्यावर विचार करून वागणारी साधी माणसंही आहेत. बिरुया गावातले लोक प्रेषित पौलाचं बोलणं खरं आहे का हे रोज शास्त्र उघडून तपासत होते (प्रे. कृत्ये १७:११). त्यांना कोणी दर्शन झाल्याचं लिहिलेलं नाही, आणि तरी त्यांचं कौतुकच केलं आहे.

आपल्या घरात रोजचं ऐकणं असं असतं: वाचलेल्यातली एखादी ओळ मनातून जात नाही, वर्गातल्या एखाद्या मुलाचा चेहरा आठवत राहतो, दुपारी केलेलं भांडण टोचतं, घाबरलेलं मन निवतं. मुलाला इतकंच सांगा, "वाचता वाचता जिथे तुला थांबावंसं वाटलं, तिथे थांब. घाई नाही."

म्हणून क्रम सोडू नका. वचन आधी, शांतता नंतर. वचन न वाचता नुसते डोळे मिटायला लावले तर आठ वर्षांच्या मुलाला स्वतःच्याच इच्छा आणि काल पाहिलेलं कार्टून ऐकू येतं. मोठ्यांचंही फार वेगळं होत नाही म्हणा.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

देवाने रात्री नावाने हाक मारली तेव्हा शमुवेल किती वर्षांचा होता, ते बायबलमध्ये दिलेलं नाही. योसेफस नावाच्या प्राचीन यहुदी इतिहासकाराने ते बारा सांगितलं आहे. पण घरच्या सवयीला वयाची अट कशाला? तीन वर्षांचं मूल "देवा, थँक्यू" म्हणतं आणि गप्प बसतं, तेवढं त्याला पुरे. गोष्ट ऐकून तिच्यातलं एक चित्र मनात धरणं पाचव्या-सहाव्या वर्षी जमतं. लिहिता यायला लागलं की वही द्यावी. बाराच्या पुढे मुलांना आपल्याबरोबर बसायचं नसतं. तेव्हा ओढून बसवू नका. त्यांची वेळ, त्यांची जागा त्यांना ठरवू द्या, आणि शंका विचारल्या तर "असं बोलू नये" म्हणून तोंड बंद करू नका.

आम्हाला स्वतःला नीट ऐकू येत नाही. आम्ही कसं शिकवणार?

या प्रश्नावर मी नेहमी १ शमुवेल ३ उघडते. ती गोष्ट आपण शमुवेलाची म्हणून शिकवतो, पण पालकांनी ती एलीची, म्हणजे शमुवेल ज्याच्या हाताखाली वाढत होता त्या याजकाची, म्हणून वाचावी.

एली म्हातारा झाला होता, त्याची नजर अधू झाली होती, आणि त्याचे मुलगे वाया गेले होते. त्या काळी परमेश्वराचं वचन दुर्मीळ झालं होतं असं अध्यायाच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे. म्हणजे आदर्श वडील नव्हेत, आदर्श काळही नव्हे. रात्री मुलगा तीनदा धावत येतो, "आपण मला हाक मारली." पहिल्या दोन्ही वेळी एली म्हणतो, मी नाही मारली, जा, झोप. झोपमोड झाली म्हणून त्याने आरडाओरडा केल्याचं कुठे दिसत नाही. तिसऱ्या खेपेला त्याच्या ध्यानात येतं.

आणि मग तो काय करतो? शमुवेलाबरोबर उठून जात नाही. "थांब, मी विचारतो परमेश्वराला" असंही म्हणत नाही. तो मुलाला एक वाक्य देतो, "बोल, तुझा दास ऐकत आहे", आणि त्याला त्याच्या जागेवर परत पाठवतो. पुढचं मुलाचं आणि देवाचं.

सकाळी मुलगा दारं उघडतो आणि सांगायला घाबरतो, कारण निरोप एलीच्याच घराविरुद्ध असतो. एली त्याला आग्रहाने बोलतं करतो, सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते तो करो.

पालकाचं काम या गोष्टीत जवळपास सगळं आलं. मुलाला एक वाक्य द्यायचं, परत पाठवायचं, मधे पडायचं नाही, आणि उद्या ते आपल्याला न आवडणारं काही बोललं तर तेही ऐकून घ्यायचं. यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड. "मम्मी, तू आजीशी असं का बोलतेस?" हे वाक्य प्रार्थनेनंतर आलं की मला एली आठवतो.

लहान मुलांबरोबर ही गोष्ट खेळून बघा. दिवे घालवा, मुलाला चादरीखाली झोपवा (सोलापूरच्या घरात चादरींना काय तोटा), आणि पप्पांनी दुसऱ्या खोलीतून हळू आवाजात नावाने हाक मारायची. दरवेळी मूल उठून आईकडे पळतं, आई म्हणते, "मी नाही बाळा, जा झोप." चौथ्या हाकेला ते वाक्य. मुलं हा खेळ पुन्हा पुन्हा मागतात. वाक्य त्यातच पाठ होतं. फक्त एक काळजी घ्या: खेळ संपल्यावर दिवा लावून सांगा की हाक पप्पांनी मारली होती. देवाच्या नावाने मुलाला फसवायचं नाही, खेळातसुद्धा.

रोज किती वेळ? आणि केव्हा?

दहा मिनिटं भरपूर झाली. त्यात प्रत्यक्ष शांततेची वेळ मुलाच्या वयाला झेपेल तेवढीच, लहानांना एक मिनिटसुद्धा पुष्कळ. पण रोज.

केव्हा, ते घर बघून ठरवा. जुन्या पिढीत संध्याकाळी दिवेलागणीनंतर कौटुंबिक प्रार्थना ठरलेली असे. आता कुणाची शिफ्ट, कुणाचा क्लास. प्रभू येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेला (मार्क १:३५) हे वाचून काही घरांत मुलांना पाचला उठवतात. सातच्या शाळेच्या मुलाला पाचला उठवून बसवलं तर ते झोपेशीच झगडत बसतं. मला ते पटत नाही.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पार जातो, घरात पंख्याची हवासुद्धा गरम लागते. तेव्हा गच्चीवर पाणी मारून, जरा निवल्यावर वर बसा. आणि ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी काही मोठं ठरवूच नका. मोटार, पिंप, बादल्या यांतून सुटका झाल्यावर अंथरुणावर दोन वाक्यांची प्रार्थना, बस्स.

नेमकं काय करायचं ते सांगा ना. "शांत बसा, ऐका" याने आमचं काही भागत नाही.

एक संध्याकाळ धरून सांगते.

गच्चीवर सतरंजी टाका, मोबाइल खाली ठेवून या. पहिल्यांदा नुसते कान उघडायचे. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, ऐकू येतील ते आवाज बोटांवर धरायचे. शेजारचा कुकर, खालच्या घरातली मालिका, पूर्व भागात राहत असाल तर यंत्रमागांची खटखट, लांबून मालगाडीचा भोंगा, अजान, देवळातली घंटा, कुत्रं. मग प्रत्येकाने सांगायचं. दरवेळी कुणाला तरी असा एक आवाज मिळतो जो बाकीच्यांनी ऐकलेलाच नसतो. मुलांना यात शर्यतीची मजा येते, आणि काही न बोलता त्यांना कळतं की आवाज आधीपासून होता, आपलं लक्ष नव्हतं.

मग वचन. मार्क ४:३५-४१ घ्या, वादळाची गोष्ट. एकाने वाचायची. थोडं थांबून दुसऱ्याने तीच गोष्ट पुन्हा, आणखी सावकाश. दुसऱ्या वाचनाच्या आधी सांगायचं, "कुठे थांबावंसं वाटतं ते बघा." मोठी माणसं लाटांपाशी थांबतात, नाहीतर "उगा राहा" या हुकमापाशी. मुलं हमखास उशीपाशी थांबतात. येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोकं ठेवून झोपला होता, हे त्यांना फार आवडतं.

मग एक मिनिट शांतता. सुरू करताना तेच वाक्य: "बोल, तुझा दास ऐकत आहे." मुलीला "तुझी दासी" म्हणायचं असेल तर म्हणू द्या.

शेवटी विचारायचं, "काही सांगायचंय?" उत्तर "नाही" आलं तर "बरं" म्हणायचं. उत्तर आलं, समजा मूल म्हणालं, "येशू झोपला होता पण नावेतच होता", तर तिथेच थांबा. त्यावर प्रवचन जोडू नका. मुलाने एका ओळीत जे म्हटलं ते आपण दहा मिनिटं समजावत बसलो की पुढच्या वेळी ते तोंड उघडत नाही.

यातून उद्या काही करायचं निघालं तर ते लहान आणि करण्याजोगं असावं. माफी मागणं, खोडरबर परत देणं, आजारी मित्राला फोन. हे झालं का, ते दुसऱ्या दिवशी एकदाच विचारा.

मूल एक मिनिटसुद्धा शांत बसत नाही.

जेवलं आहे का ते बघा. एलीया जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दिला, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं (१ राजे १९). शांत, मंद वाणी त्यानंतर, बऱ्याच दिवसांच्या प्रवासानंतर आली. दमलेल्या, भुकेल्या पोराला आधी भाकरी आणि शेंगाचटणी.

बाकी हातांना काम दिलं की बरीच मुलं शांत होतात. शेंगा सोलणं, चित्र रंगवणं, ज्वारी निवडणं चालतं. पाठीचा कणा ताठ आणि हात जोडलेले असलेच पाहिजेत असं कुठे लिहिलंय?

"मला काहीच ऐकू आलं नाही" असं मूल म्हणतं तेव्हा काय म्हणावं?

"मलाही आज नाही आलं." खरं असेल तर.

याहून जास्त काही करू नका. संडे स्कूलमध्ये एखादं मूल उठून छान साक्ष देतं आणि बाकीच्यांना वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. मग पुढच्या रविवारी सगळ्यांनाच काहीतरी "ऐकू" आलेलं असतं. मुलं आपल्याला खूश करायला बोलतात हे शिकवणाऱ्यांनी ओळखावं. काही न ऐकू येण्याची पूर्ण मुभा असेल, तरच कधीतरी ऐकू आल्याचं खरं मानता येईल.

मुलगा म्हणतो, "देवाने सांगितलंय, पप्पांनी मला गिअरची सायकल घ्यावी." हसावं की रागवावं?

दोन्ही नको. विचारा, "सायकल तुला आधीपासून हवी होती ना?" हो म्हणेलच. मग सांगा की हवं ते देवाकडे मागायला काही हरकत नाही, खुशाल माग, त्याला मागणं म्हणतात. मागणं आपल्याकडून देवाकडे जातं. "देवाने सांगितलं" हे शब्द मात्र फार जपून वापरायचे. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको या आज्ञेत शिव्याशापांइतकंच हेही येतं, आपल्या मनातलं देवाच्या तोंडी घालणं. यिर्मयाच्या २३व्या अध्यायात "मला स्वप्न पडलं, मला स्वप्न पडलं" म्हणत फिरणाऱ्या संदेष्ट्यांना देवाने चांगलंच फटकारलं आहे.

घरात एक सवय लावा: "देव म्हणाला" ऐवजी "मला असं वाटलं, बघूया." या शब्दांत चुकायला जागा राहते.

मग खरं-खोटं पारखायचं कसं?

"सर्व गोष्टींची पारख करा, चांगलं ते बळकट धरा" असं थेस्सलनीकाकरांना लिहिलं आहे, आणि ते मुलांनाही लागू. आधी बघायचं, हे प्रभू येशूने शिकवलेल्याशी जुळतं का. त्याच्या विरुद्ध असेल तर तिथेच विषय संपला. मग हे केल्याने काय उगवेल ते बघायचं: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशी गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायातली यादी मुलांना पाठ असतेच, तिचा उपयोग इथे करा. आणि तिसरं, घाई. "आत्ताच्या आत्ता, कुणाला न विचारता" असं काही मनात आलं तर उद्यापर्यंत थांबायचं. देवाचं असेल तर ते उद्याही राहील.

मोठ्या मुलांना मेंढपाळाचा दहावा अध्याय वाचून दाखवा, योहानाचा. "माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात." आपल्याकडे हे पुस्तकातच शोधायला नको. ज्वारीची रानं मोकळी झाली की मंगळवेढ्याच्या बाजूला मेंढरांचे कळप उतरलेले दिसतात. मुलांना घेऊन जा, धनगर बाबांना नमस्कार करा आणि मेंढरांना साद घालायला सांगा. मग तीच साद मुलांना घालू द्या. मेंढरं मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. आवाज ओळखीचा व्हायला रोजची सोबत लागते, हे तिथे दिसतं.

आम्ही मुलांना सांगावं का, की "देवाने मला तुझ्याबद्दल असं सांगितलंय"?

नको. अभ्यास करून घ्यायला नको, मोबाइल सोडवायला नको, लग्न ठरवायला तर मुळीच नको.

आईवडील म्हणून तुम्हाला सांगायचा अधिकार आहेच. तो स्वतःच्या नावावर वापरा: "नऊ वाजले, झोप, मी सांगतेय म्हणून." देवाला साक्षीला आणून शिस्त लावलेलं मूल एक तर देवाला घाबरतं नाहीतर पुढे कॉलेजात गेल्यावर तुमच्याबरोबर देवालाही सोडतं. इफिसकरांस पत्रात बापांना सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका. देवाच्या नावाने दिलेल्या हुकमासारखं चिरडीस आणणारं दुसरं काही नाही, कारण त्यावर मुलाला उलट बोलायची सोयच उरत नाही.

दुसरं कुणी मोठं माणूस मुलाला "देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय, घरी बोलू नकोस" म्हणालं तर?

हा प्रश्न फार कमी पालक विचारतात आणि सगळ्यांनी विचारायला हवा. मुलांना आजच सांगा: देवाच्या नावाने कुणीही गुपित ठेवायला सांगितलं तर ते गुपित नाही, लगेच घरी सांगायचं. माणूस कोण आहे, मंडळीत त्याचा काय मान आहे, याने फरक पडत नाही. शमुवेलाला मिळालेला निरोपही सकाळी उघड झालाच.

काही गैर घडल्याचा संशय असेल तर आपसात मिटवायला बसू नका. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो. मुलांचं लैंगिक शोषण २०१२च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि माहीत असून तक्रार न करणं हाही गुन्हाच.

मुलीला खरोखरच आवाज ऐकू येतात म्हणते. हे वरदान समजायचं का?

आधी शांतपणे विचारा, कसला आवाज, केव्हा, काय म्हणतो. लहान वयात मनातला मित्र असणं, त्याच्याशी बोलणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. झोप लागताना किंवा जाग येताना हाक ऐकल्यासारखं मोठ्यांनाही होतं. जोराच्या तापात मूल बरळतं.

पण आवाज पुन्हा पुन्हा येत असेल, घाबरवत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, मूल एकलकोंडं झालं असेल, झोप-जेवण उडालं असेल, तर डॉक्टरकडे न्या. उपास-प्रार्थना करा, पाळकांना बोलवा, पण त्यासाठी दवाखाना लांबवू नका. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. "लोक काय म्हणतील" हा विचार इथे करायचा नाही.

मुलाला सतत वाटतं की देव आपल्यावर रागावलाय.

पवित्र आत्म्याची टोचणी नेमकी असते: दादाची पट्टी मोडलीस आणि खोटं बोललास, जाऊन सांग. सांगितलं की ती थांबते. "तू वाईटच आहेस, तुझ्याकडून काही होणार नाही" असं गोल गोल फिरत राहणारं जे असतं ते त्याचं नव्हे. जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, हे रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायाचं पहिलं वचन अशा मुलाला पाठ करायला द्या, आणि घरात त्याला कोणत्या शब्दांत रागावलं जातं तेही जरा ऐका. बऱ्याचदा तेच शब्द त्याला देवाच्या आवाजात ऐकू येत असतात.

मूल इंग्लिश मीडियमला आहे, आजी तेलुगूत प्रार्थना करते, आम्ही मराठीत. कोणती भाषा?

सोलापुरात हा प्रश्न पडायलाच नको! एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकत आपण मोठे झालो. मूल ज्या भाषेत रडतं त्या भाषेत त्याला प्रार्थना करू द्या. वाचन मात्र अधूनमधून मराठीतून व्हावं, नाहीतर मंडळीतलं वचन त्याला परकं वाटायला लागतं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली. १९२२मध्ये त्या गेल्या, आणि पूर्ण बायबल १९२४मध्ये छापून आलं. साध्यासुध्या बायकांना आपल्या बोलीत देवाचं वचन कळावं, यासाठी एवढा खटाटोप.

गाण्यांचंही तेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्ती भक्ती अभंग-ओवीच्या वळणावर आणली, आणि 'उपासना संगीत'मधली त्यांची पदं आजही आपण म्हणतो. शांततेच्या आधी एक मराठी पद, टाळ असला तर टाळावर, हे मुलांना यूट्यूबवरच्या गाण्याइतकंच आवडतं. थोडा वेळ द्यावा लागतो, इतकंच.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांत मुलं विचारतात, "त्यांचा देव त्यांच्याशी बोलतो का?"

संक्रांतीला नंदीध्वज निघतात, सगळं शहर पांढऱ्या बाराबंदीत रस्त्यावर असतं, आणि आपली मुलं गॅलरीतून बघत असतात. प्रश्न येणारच. खरं उत्तर द्या: आपण प्रभू येशूवर विश्वास ठेवतो, त्याची वाणी ओळखायला शिकतो. शेजारच्या काकू त्यांच्या श्रद्धेने चालतात. त्यांच्याशी देवाचं काय चालतं ते आपण ठरवणारे कोण? आपण त्यांच्या भक्तीची टिंगल करायची नाही आणि त्यांनी विचारलं तर आपली गोष्ट लपवायची नाही. काकूंनी दिलेला तिळगूळ घेऊ द्यावा की नाही यावर आमच्याच मंडळीत दोन तट आहेत. मी घेऊ देते.

आई-वडिलांपैकी एकच ख्रिस्ती असेल तर हीच गोष्ट घरातल्या घरात पाळावी. मुलाला "कुणाचं खरं" असं निवडायला लावू नका.

दहावीनंतर सायन्स की कॉमर्स, हे देवाला विचारावं का?

विचारावं, आणि मार्कशीटही बघावी. देव अक्कलही देतो. मुलाला काय आवडतं, कशात गती आहे, घरची ऐपत किती, ओळखीतलं शहाणं माणूस काय म्हणतं, हे सगळं एका कागदावर लिहून त्यावर प्रार्थना करा. चिठ्ठ्या टाकून, किंवा डोळे मिटून बायबल उघडून बोट ठेवून निर्णय घेऊ नका. आणि "देवाची इच्छा डॉक्टरकीच आहे" हे ठरवून मग प्रार्थनेला बसवलं, तर मुलाला ते लगेच कळतं.

वडील पुण्याला नोकरीला, आठवड्याने येतात. त्यांनी काय करावं?

रात्री फोनवर एकच प्रश्न: "आज कुठे थांबलास?" मार्कांचं, शिस्तीचं त्या फोनवर काढायचं नाही. शनिवारी घरी आले की वाचन त्यांनी करावं, कितीही दमले असले तरी. मुलांना बापाच्या आवाजात वचन ऐकायचं असतं.

बायबलचं अ‍ॅप चालेल का?

ऐकायला चालेल, विशेषतः ज्यांना वाचता येत नाही त्या आजीसाठी. समोर धरून वाचायला छापील पुस्तक बरं. अ‍ॅपवर वचन संपायच्या आत क्रिकेटचा स्कोर येतो.

झोपताना काय करावं?

दिवसाकडे एकदा मागे वळून बघायचं. लोयोलाच्या संत इग्नेशियसने सोळाव्या शतकात ही रीत घालून दिली. ते कॅथलिक म्हणून आमच्यातले काही नाक मुरडतात, पण रीत चांगली आहे. मुलाला विचारा, आज कशाचा आनंद झाला, कशाने वाईट वाटलं, त्या वेळी देव कुठे होता असं वाटतं. उद्यासाठी एक मागणं. दिवा बंद.

मुलांच्या प्रार्थनेच्या वह्या आम्ही वाचाव्यात का? आणि भावंडं एकमेकांच्या वाचतात, त्याचं काय?

मुलाने दाखवली तर वाचा, शुद्धलेखन सुधारू नका. न विचारता उघडू नका. जिवाला धोका आहे असं वाटण्यासारखं काही वागण्यात दिसलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा मुलाशी बोला आणि गरज पडली तर बघा. भावंडांसाठी दोघांना वेगवेगळ्या रंगाची कव्हरं घालून द्या, वह्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवा, आणि धाकटीला वाचता येत नसलं तरी तिचीही वही ठेवा. तिच्या वहीत नुसती चित्रं असतील. तारीख मात्र तिला तुम्ही घालून द्या.